निळं कुंड आणि हळदकुंकू

तंबू गाडीत टाकून आम्ही अमेरिकेतलं गरम झऱ्यांचं राष्ट्रीय उद्यान बघत फिरत होतो. एका निळ्याशार, वाफाळत्या कुंडाच्या तळाशी नाणी, टोपी, अगदी चमचासुद्धा पडलेला. बघूनच किळस आली. शेजारी गंधकाच्या वासाने नाकाला पदर लावून माझी मावशी उभी होती. तिने पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली आणि मी हात धरेपर्यंत कुंडात रिकामी केली.

“गंगाच गं ही!” म्हणत तिने हात जोडले.

जिथे हात जोडायचे, तिथेच घाण टाकायची, ही कसली भक्ती?

संध्याकाळी मी तंबूशेजारी खरकटं पाणी ओतायला गेले, तर मावशीच ओरडली, “अगं, तिथे नको! आपल्याला झोपायचंय तिथे.”