कप्तानांनी दिलेले सात खडे

कप्तान जन्मात कधी होडीत बसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी बोट क्लबच्या होड्या तासल्या, जोडल्या, रंगवल्या, पण बसा म्हटलं की म्हणायचे, "मी जोडलीय ना, म्हणूनच बसत नाही. आतलं सगळं मला माहीत आहे." पोहताही येत नव्हतं. क्लबातल्या पोरांनी चिडवायला 'कप्तान' नाव ठेवलं, ते असं चिकटलं की त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच आठवेना. कसबा पेठेतून सायकलवर यायचे, दांडीला हत्यारांची पिशवी अडकवून.

क्लबाच्या कुंपणाला लागूनच आमच्या गल्लीचा घाट. घाट म्हणजे काय, वीसेक झिजलेल्या पायऱ्या. माझ्या लहानपणी त्यावर बायका धुणं धुवायच्या. पुढे नदीची जी दशा झाली, त्यानंतर कुणी पाण्यात हातसुद्धा घालीना. तरी संध्याकाळी म्हातारी माणसं तिथं येऊन बसायची. घरात बसायला जागा नसलेली माणसं दुसरीकडे कुठं जाणार? कप्तान काम संपलं की त्यांच्यात येऊन बसायचे आणि क्लबाच्या चहातला अर्धा कप कुणाला तरी द्यायचे.

माहेरी आमच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात माहेरवाशिणीनं पाणवठ्यावरून सात खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून, एक शब्द न बोलता घरी आणायचे, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे हा मान दरवर्षी माझा. आता त्या नदीचं पाणी तोंडात धरायची कुणाची छाती आहे? मी चुळीचं पाणी घरून बाटलीत न्यायची. कप्तान ते पाहून म्हणायचे, "ताई, देवीलाही फसवताय आणि डॉक्टरांचं गिऱ्हाईकही बुडवताय."

एका वर्षी क्लबाच्या नव्या वॉचमननं मला परतताना अडवलं. "मॅडम, हातात काय आहे? कुठून आलात?" मी गाल फुगवून नुसती उभी. तो बिचारा घाबरला. तेवढ्यात शेडमधून कप्तान आले, हातात ब्रश तसाच. "अहो, गौर आहे ती. तिनं बोलायचं नसतं. तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा, माझं तोंड रिकामंच असतं." मला इतकं हसू आलं की चूळ सुटता सुटता राहिली.

मग क्लब वाढला. वाढायलाच हवा होता, मी कशाला खोटं बोलू? शाळेतली मुलं पहाटे वल्हवायला यायची, स्पर्धा जिंकून यायची, आणि कप्तान स्वतःचीच नातवंडं असल्यासारखे त्यांचे कप पुसत बसायचे. होड्या ठेवायला जागा पुरेना. घाटाशेजारचा उतार क्लबाला हवा होता आणि घाटावर जायच्या वाटेवरच फाटक बसणार होतं. गल्ली पेटली. आम्ही सह्यांची तयारी केली. तेव्हा कप्तान मध्ये पडले. "मुलांनाही पाणी हवं, तुम्हालाही हवं. सकाळी आठपर्यंत होड्या, मग माणसं. सेक्रेटरीसाहेबांनी माझ्यासमोर शब्द दिलाय."

"कप्तान, कागदावर घ्या," मी म्हटलं.

"ज्या माणसाची होडी मी वीस वर्षं जोडली, त्याच्याकडून कागद मागू? मला नाही जमणार ते." त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. आम्ही सह्यांचा कागद फाडून टाकला. क्लबावर नव्हे, कप्तानांवर विश्वास ठेवून.

सेक्रेटरीसाहेबांनी शब्द पाळला, पण पुढे ते लेकीकडे परदेशी गेले. नवी कमिटी आली. एक मुलगा पायऱ्यांवरून घसरून पाण्यात पडला, वाचला म्हणून बरं. सगळे हादरले आणि फाटकाला कायमचं कुलूप लागलं. आम्ही विचारायला गेलो तर अगदी अदबीनं उत्तर मिळालं, "तशी काही नोंद आमच्याकडे नाही."

कप्तानांनी त्याच दिवशी रंधा, पटाशी पिशवीत भरली आणि काम सोडलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत घरोघर फिरले. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगायचे, "चूक माझी. मी शब्द घेतला, कागद घेतला नाही." आत या म्हटलं तरी येईनात. माझ्या भावानं दार लावून घेतलं, त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर ते खचलेच. गौरीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बघायला गेले, तर अंथरुणावर होते. लेकीला त्यांनी कपाटातून एक पुडी काढायला लावली. रद्दी कागदात सात खडे, स्वच्छ धुतलेले. "काम सोडलं त्या दिवशी घाटावरून उचलले. यंदा तुमची अडचण होणार, हे ठाऊक होतं. चोरी म्हणा हवं तर." मग माझा हात धरून म्हणाले, "पण ताई, परत तिथंच सोडा हं. तेवढं करा, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल."

तिसऱ्या दिवशी मी खडे घेऊन फाटकाशी गेले. आज तोंडात चूळ नव्हती, पुष्कळ बोलले. अहो, दोन मिनिटांचं काम आहे, तुम्हीही बरोबर चला, म्हणाले. वॉचमन तरुण होता, सभ्य होता. "मावशी, मेंबर आहात का? नाही ना? मग कोपऱ्यावर महापालिकेचा हौद आहे, तिथं सोडा. माझी नोकरी जाईल." त्याच्यावर तरी काय चिडायचं? कुंपणापलीकडे पाणी दिसत होतं, पहिली पायरीही दिसत होती. मी पदरात खडे बांधून परत फिरले.

तशीच कप्तानांकडे गेले. त्यांनी डोळे उघडले. "सोडल्या?"

"हो," मी म्हटलं. "आपल्याच पायरीवरून."

"मग उघडतात म्हणायचं अजून," ते पुटपुटले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. आठवड्याभरात ते गेले.

मुलगा म्हणतो, आई, हौदात सोडून ये एकदाचे. माझ्यानं होत नाही. तीन दिवसांसाठी आलेल्या गौरी अजून माझ्या देवघरात आहेत, आणि रोज दिवा लावताना मी त्यांना सांगते, थांबा हं, फाटक उघडलं की पोचवते.