मोरीवरचा दुसरा दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि आता ती राहिली नाही. दोनदा कागद घेऊन बसलो, दोनदा फाडला. मला भीती वाटते. तेव्हा वाटली होती, तीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून होतो. तिशी ओलांडलेली, छातीत पाणी होऊन दोन महिने अंथरुणावर काढलेले. डॉक्टर म्हणाले, पहाटे मोकळ्या हवेत फिरा. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांनी पाच-सहा जण जमवले होते आणि थंडीभर रोज उजाडताना यवतेश्वरच्या घाटात पळायला न्यायचे. कसली शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं. पळायचं, सुभेदारांच्या ओट्यावर गवती चहा प्यायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर तिथं डोकावून यायचं, मग कामाला जायचं. एवढंच. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. हे लिहायला सोपं जातंय – म्हणूनच तिथं रेंगाळतोय का मी?

माझ्या जोडीला भूपालअण्णा असायचे. मूळचे सांगलीकडचे जैन, इथं एका कारखान्यात फिटर. खोली करून एकटेच राहायचे, बायको-मुलं सांगलीला. दर सुट्टीला एसटीनं घरी जायचे. पळण्यात ते सगळ्यांच्या पुढं राहिले असते, पण माझ्याबरोबर मागं राहायचे. मी दम खायला थांबलो की तेही थांबायचे.

“तुझ्या दमानं चल, दिनू. घाट कुटं पळून चाललाय?”

माझ्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटला, तर त्यांनी कारखान्यातून रबराचा तुकडा आणून स्वतः शिवून दिला. असा माणूस.

सुभेदारांचा एक नियम होता. घाटाच्या पायथ्याला ओढ्यावर एक मोरी आहे, छोटा पूलच. वर जाताना प्रत्येकानं तिच्या कठड्यावर एक दगड ठेवायचा, उतरल्यावर एक उचलून टाकायचा. धुकं इतकं असायचं की पुढचा माणूस दिसत नसे. उतरणाऱ्याला कठड्यावर एकच दगड दिसला, तर तो त्याचा स्वतःचा – म्हणजे वर कुणी नाही. जास्त असले तर पुढं जायचं, पण दोनच दिसले तर त्यानं शेवटच्यासाठी तिथं थांबायचं. थोड्या वेळात मागचा आला नाही, तर परत वर जायचं. “फौजेत माणूस मोजल्याशिवाय कुणी जेवत न्हाई,” ते म्हणायचे. आम्ही हसायचो, पण नियम कुणी मोडला नाही.

त्या आठवड्यात वरच्या वाडीतली शेळी बिबट्यानं नेली होती. सगळे चेष्टा करत होते – “दिनूला नेऊन त्याचं काय पोट भरतंय?” – मीही हसत होतो. त्या सुट्टीच्या सकाळी मात्र कठड्यावर दगड ठेवताना माझी बोटं गार पडली होती. अण्णांनी माझ्यानंतर ठेवला. माझ्यासमोर.

परतताना तिसऱ्या वळणावर झाडीत काहीतरी खसफसलं. काय होतं? मला आजही माहीत नाही. गाय असेल, रानडुक्कर असेल. मी अण्णांचा दंड धरला, आणि पुढच्याच क्षणी त्यांना ढकलून – हो, ढकलूनच – खाली पळत सुटलो. पाडायचं मनात नव्हतं. पण मागं दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि मग हाक आली. “दिनू.” थोड्या वेळानं परत, “दिनू, गड्या, थांब जरा.” आवाज वर-खाली न होता, शांत. ओरडले असते तर मी थांबलो असतो का? नसतो.

पायथ्याला आलो तेव्हा कठड्यावर दोन दगड होते. एक माझा. दुसरा तिथं राहिला असता तर मला वर जावं लागलं असतं. एकट्यानं, त्या धुक्यात. ओट्यावर जाऊन चार माणसं आणता आली असती – पण मग अण्णांना टाकून आलो हे सांगावं लागलं असतं.

मी दोन्ही दगड उचलले आणि ओढ्यात टाकले.

ओट्यावर सुभेदारांनी विचारलं, “भूपाल कुठाय रं?” मी म्हणालो, “सरळ स्टँडवर गेले. सांगलीची पहिली गाडी धरायचीय म्हणाले.” सुट्टीचाच दिवस होता. कुणाला शंका आली नाही. मोरी मोकळी होती ना?

दुपार कलल्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईला ते वळणाखालच्या घळीत सापडले. पाय मोडून काळानिळा झालेला. गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर सुभेदारांना म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर पाय वाचला असता. मी शेजारी उभा होतो.

अण्णा शुद्धीवर आल्यावर सुभेदारांनी त्यांना विचारलं, “दगड ठेवला हुतास का रं?” अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“इसरलो असंन, सुभेदार.”

“आन् गाडीचं?”

“व्हय. तसं म्हणालो हुतो दिनूला. मग वाटलं, अजून एक चक्कर मारावी.”

मला वाटलं, सुटलो. ती सुटका नव्हती, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. ते कधीही बोलू शकत होते. अण्णा नोकरी सुटून सांगलीला गेले; मी कोरेगावला बदली मागून घेतली. दर संक्रांतीला त्यांचं कार्ड यायचं: “पळतोस का अजून?” मी उत्तर लिहायचो: “हो, रोज.” त्या दिवसानंतर मी एकदाही पळालो नाही. पोस्टमनची सायकल दारात थांबली की आजही मी आतल्या खोलीत जातो, आणि आता तर कार्ड येणारच नाही.

गेल्या थंडीत अण्णा गेले. मी पहिल्यांदा सांगलीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी थकल्यात, पण बोलणं खणखणीत. पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मित्राचा इसरभोळेपणा नडला बघा. एक दगड ठेवायचा तर त्यो बी न्हाई ठेवला. जनमभर बोलले मी त्यास्नी. घर चालवताना जीव मेटाकुटीला आला की हेच बोलायची. कवा उलटून बोलले न्हाईत.”

मी काय केलं? मान डोलवली. “होय वहिनी, विसराळू होते,” म्हणालो. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्याच घरात बसून. बिबट्या नव्हता तिथं. धुकं नव्हतं. समोर फक्त ऐंशीची एक बाई होती.

म्हणून हे लिहितोय. याची पहिली प्रत उद्या त्यांच्या मुलाकडं जाईल, खाली माझं पूर्ण नाव लिहून. त्यानं ती आईला वाचून दाखवावी. शेवटचं वाक्य त्यांच्यासाठीच आहे.

वहिनी, तुम्ही जनमभर त्यांना जे बोललात, ते सगळं माझं होतं.