प्रसादच्या खिशातलं काडतूस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तिथेही मी इकडचं तिकडचं बोलून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही प्रसादला ओळखत नाही. ओळखत असतात तर माझी जीभ उचलली नसती — एवढं माझं मला पक्कं माहीत आहे.

आधी माझ्या हुशारीबद्दल सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मूळचा पुण्याचा, आता ऑकलंडमध्ये न्यू लिनला राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पुण्यात असताना दिवाळीतली टिकल्यांची बंदूक सोडली तर कशाला हात लावला नव्हता. इथे आल्यावर ऑफिसातला एकजण रायफल क्लबला घेऊन गेला, आणि मला वेड लागलं. नेमबाजीचं कमी, काडतुसांचं जास्त. कुठलं काडतूस कशाला, कोणाचा धक्का खांद्याला किती बसतो, वाऱ्याने कुठली गोळी किती सरकते — मी हे जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचो. बायको म्हणायची, लोक आमटी वाढून घ्यायला थांबलेत आणि तुझं काय चाललंय?

पण ऐकणारा एक होता. प्रसाद. तोही पुण्याचाच, आमच्या शेजारच्या अवोन्डेलला राहायचा, पुलांची डिझाइनं करायचा. मी सांगायचो आणि तो खरंच ऐकायचा. टार्गेटची गोळी वेगळी आणि शिकारीची वेगळी, हे त्याला मीच शिकवलं. कागदावर मारायची ती सरळ जायला हवी, एका भोकात दुसरी बसेल इतकी सरळ. जनावरावर मारायची ती आत गेल्यावर फुलायला हवी, म्हणजे बिचारं तडफडत पळत सुटत नाही. माझ्या नादाने त्याने लायसन्स काढलं, माझ्याच सल्ल्याने टू-टू-थ्रीची, बारीक नळीची रायफल घेतली. माझ्याकडेही तीच होती, शिकारीसाठी मी दुसरी घेतली होती, थ्री हंड्रेड ब्लॅकआउटची. या दोन काडतुसांचं नातं म्हणजे सख्ख्या भावांचं. बूड एकच, पितळ एकच. टू-टू-थ्रीचं कवच कापून आखूड केलं आणि वर जाड गोळी बसवली की ब्लॅकआउट. जाड गोळीचं काडतूस बारीक नळीच्या रायफलीत जाऊ नये, पण जोर केला तर कधीकधी जातं. आणि गेलं, की गोळीला बाहेर पडायला वाट नसते. हे मला तोंडपाठ होतं. क्लबातल्या गोऱ्यांना मी हे समजावून सांगायचो! तुम्ही म्हणाल, मग?

मग काय. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काय.

आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे कधीच फेकले जात नाहीत. तुमच्याही जात नसतील. एकात मेथ्या, एकात रबर बँड, एकात उरलीसुरली चकली आणि शंकरपाळे एकत्र. उरलेलं एका डब्यात करायचं, ही आमची रीतच. त्यातला एक डबा मी काडतुसांच्या कपाटात ठेवला होता. खोकी संपत आली की सुटी टू-टू-थ्री त्यात. नियम असा की काडतूस आपापल्या खोक्यात राहावं. नियम मला माहीत नव्हता का? नवीन लोकांना तो मीच वाचून दाखवायचो.

आदल्या आठवड्यात आम्ही दोघं एका शेतकऱ्याच्या डोंगरावर रानबकऱ्या मारायला गेलो होतो. रायफल माझी, ब्लॅकआउटची जादा काडतुसं प्रसादच्या जॅकेटच्या खिशात. संध्याकाळी त्याने खिसा उलटा करून सगळी माझ्या हातात दिली. सगळी — हा शब्द लक्षात ठेवा. घरी येऊन मी दमलो होतो, आणि हाताशी तो डबा होता. उरलंसुरलं एका डब्यात.

नंतरच्या रविवारी क्लबात. आमची शूटिंग रेंज शहराबाहेर, पुकेकोहेच्या पलीकडे आहे, कांद्याच्या शेतांमागे. प्रसादची काडतुसं संपली. मी शेजारी बसून कुणालातरी कुठलीतरी तुलना ऐकवत होतो. बोलता बोलताच डब्यात हात घातला, एक त्याच्या पुढे ठेवलं. बघितलं नाही. बुडाला आकडे कोरलेले असतात — फिरवून बघायचं, बस. त्याने रायफलीत घातलं, काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे सारला आणि म्हणाला, अरे, बोल्ट जड जातोय.

यात तो मला विचारत होता. कळतंय ना तुम्हाला? पुलांचा इंजिनियर माणूस, कुठे जोर लावायचा नसतो हे ज्याला समजतं, तो थांबला होता. हात बोल्टवर तसाच ठेवून माझ्याकडे बघत होता. आणि मी मान न वळवता म्हणालो — दाब जरा, रायफल नवीन आहे.

त्याने दाबला. मग चाप ओढला.

आवाजाचं मी सांगत नाही. मला आजही धक्का बसतो तो त्या आवाजाचा नाही. धूर होता, प्रसाद मागे पडला होता, तोंडावर दोन्ही हात, हातांमधून रक्त. डोळ्यांवर साधा नंबरचा चष्मा, त्याच्या काचा गालात. रेंज ऑफिसर फायरिंग थांबवा म्हणून ओरडत धावत येत होता. आणि माझा हात — माझाच हात, मी त्याच्याकडे बघत होतो — त्या हाताने श्रीखंडाचा डबा ओढला, झाकण नीट चारही बाजूंनी दाबून लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. मित्र जमिनीवर, आणि मी झाकण लावत होतो! त्यानंतर मी त्याच्याकडे धावलो. टॉवेल धरला, मांडीवर डोकं घेतलं, ॲम्ब्युलन्समधून सोबत गेलो. लोकांना तेवढंच दिसलं. इतकं थंडपणे वागणारा माणूस माझ्यात राहत होता आणि मला पत्ताच नव्हता?

क्लबवाल्यांनी फुटलेली रायफल उघडली तेव्हा कवचावर ब्लॅकआउटचे आकडे मिळाले. हे इथे आलं कुठून? मला विचारलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, गेल्या आठवड्यात शिकारीला गेलो होतो, त्याच्या जॅकेटच्या खिशात एखादं राहिलं असेल. कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. संशयही घेतला नव्हता. वाक्य आपोआप आलं, अगदी तयार, व्याकरणासकट. पोलिसांनाही तेच सांगितलं. माझा डबा कुणी मागितला नाही. प्रसादला त्या काही मिनिटांतलं काहीच आठवत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये त्याला कळलं की उजवा डोळा गेला. तेव्हा तो काय म्हणाला असेल? म्हणाला, माझीच चूक रे, खिसा नीट बघायला हवा होता. मी त्याचा हात धरून बसलो होतो. 

त्याने लायसन्स स्वतःहून परत केलं. मधुरा, त्याची बायको, शांत स्वभावाची आहे, पण एक वाक्य तिच्या तोंडी बसलं ते बसलंच. प्रसाद घराबाहेर निघाला की ती म्हणणार, खिसे बघितलेस का? दूध आणायला डेअरीवर निघाला तरी तेच. कपडे मशीनला लावताना तेच. सुरुवातीला रागाने, मग सवयीने, मग चेष्टेत. आणि तो आज्ञाधारकपणे खिसे बाहेर काढून दाखवतो आणि हसतो. त्यांच्या टेबलावर बसून मीही हसलेलो आहे. पोहे खात. मधुरा एकदा भरल्या डोळ्यांनी मला म्हणाली, भावोजी, त्या दिवशी तुम्ही नसतात तर काय झालं असतं? काय झालं असतं! त्याचे दोन्ही डोळे असते.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, भित्रा माणूस, गप्प बसला. गप्प कुठे बसलो? मी क्लबात नव्या लोकांना सुरक्षिततेचे धडे देतो. अपघातानंतर त्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं — मीच सगळ्यात काळजी घेणारा, असं त्यांचं मत. प्रत्येक काडतुसाचं बूड बघा, हे सांगून झालं की मी एक गोष्ट सांगतो. माझ्या एका मित्राच्या खिशात शिकारीचं एक काडतूस राहिलं होतं.  गोष्ट रंगवून सांगायला मला येते. कितीदा सांगितली असेल, देव जाणे.

या वर्षी रेवाला नेमबाजी शिकायची होती. रेवा त्यांची मुलगी, अपघात झाला तेव्हा दात पडायच्या वयाची होती. मधुराने आधी आकाशपाताळ एक केलं. शेवटी कबूल झाली, एका अटीवर. भावोजी शेजारी उभे असतील तरच. प्रसादने फोन केला, म्हणाला, दुसऱ्या कुणाकडे सोडलं नसतं, तुझ्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे. आणि स्वतःच हसला, म्हणजे एक तर झाकलेलाच आहे!

मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी रेवा नव्या लोकांबरोबर पुढच्याच रांगेत बसली होती. ती समोर आहे हे मला दिसत होतं. मला वाटलं होतं, आज ती गोष्ट वगळायची. पण तोंडाला वळण पडलेलं असतं हो. बूड बघा, असं म्हणालो आणि पाठोपाठ वाक्य आलंच — माझ्या एका मित्राच्या खिशात. मध्येच थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं, म्हणून पुरी केली. तिच्या वडिलांचा डोळा तिच्यासमोर पुन्हा फोडला, तिच्याकडे बघत. संपल्यावर तिने हात वर केला. सगळ्यांकडे वळून, मान ताठ करून म्हणाली, "दॅट वॉज माय डॅड. ही स्टिल सेज इट वॉज हिज ओन फॉल्ट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी, त्याच्या प्रामाणिकपणासाठी. मीही वाजवल्या.

मग आम्ही रेंजवर गेलो. मी रायफल तिच्या हातात देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "वेट, काका." जॅकेटचे दोन्ही खिसे तिने बाहेर ओढले, जीन्सचेही, घरी बाबाला करताना बघून बघून शिकलेली. चारी अस्तरं बाहेर लोंबत होती आणि ती माझ्यापुढे उभी होती, माझ्या तपासणीची वाट बघत.

मी वाकून एकेक खिसा बघितला. शाब्बास, म्हणालो.

प्रसादच्या खिशात काहीच नव्हतं. त्याने सगळी परत दिली होती. ते काडतूस मी दिलं, आणि दाब म्हणालो तोही मीच.