बागेतली चुकीची पूर्व

आमच्या शाळेसमोरच्या बागेत मधोमध ग्रॅनाइटचा गोल आहे. त्यावर पितळी अक्षरांत चारही दिशा लिहिल्या आहेत. चौथीच्या मुलांना दिशा शिकवायला मी त्यांना सकाळी तिथे नेलं. सूर्य नुकता वर आला होता आणि त्याच्याच बाजूला गोलावर लिहिलेलं होतं, ‘दक्षिण’! बसवणाऱ्याने अख्खा गोलच फिरवून ठेवला होता.

मी पालिकेत अर्ज दिला. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, उद्घाटन झालंय त्याचं. आता कुठे उकरत बसायचं?” तीन हेलपाटे घालूनही तेच. शेवटी मुलांना सांगितलं, दगडाकडे बघूच नका. सूर्य उगवतो ती पूर्व आणि तुमच्या वडिलांच्या कंपनीची बस चाकणला जाते ती उत्तर. मुलांना लगेच कळलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी शाळेच्या तपासणीला साहेब आले. बागेतला तास बघायचा म्हणाले. पुढे उभ्या मुलीला त्यांनी विचारलं, “पूर्व कुठे?”

ती एका गॅरेजवाल्याची मुलगी. बोलायची कमी, पण वर्गात सगळ्यात आधी हात तिचाच वर. तिने सरळ सूर्याकडे बोट केलं.

“वाचता येत नाही का गं? खाली काय लिहिलंय?”

“दक्षिण,” ती पुटपुटली आणि तिने हात खाली घेतला.

मी म्हटलं, “सर, ते चुकीचं बसवलंय. सूर्य बघा ना.”

“म्हणजे एवढं पितळेत लिहिलेलं चूक आणि ही पोरगी बरोबर?” ते हसले. सोबतचेही हसले. एकानेही मान वर करून आभाळाकडे बघितलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “हो, तीच बरोबर आहे. तिला तसं सांगा. मुलांसमोर सांगा.”

मुख्याध्यापिका मागून माझा पदर ओढत होत्या. ‘शिक्षिकेचे वर्तन उद्धट’ असा शेरा मारून साहेब गाडीत बसले. शेऱ्याचं मला काही वाटलं नाही. पण वर्गात परतताना त्या मुलीने विचारलं, “बाई, पेपरात खरी पूर्व लिहायची का साहेबांची?”

“खरी!” मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली.

गोल अजून तसाच आहे. त्याहून जास्त संताप याचा येतो, की पुढे वर्षभर ती मुलगी उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची. हात अर्धाच वर करायची.