सुमनअक्कांचं सूप

धरणगावजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी सुमनअक्का पोषण आहाराच्या खोलीत एका मुलीसोबत तूरडाळ निवडत बसल्या होत्या. "मराठीच्या बाई डाळ का निवडतात?" मी शिपायाला थट्टेने विचारलं. पुढे कळलं, की मूल गप्प गप्प दिसलं की अक्का मधे सूप घेऊन अशाच बसतात. हात कामात असले की मुलांना नजर चुकवावी लागत नाही, आणि ती बोलतात.

अक्कांच्या साठीनिमित्तच्या या लेखात गोड लिहायला हवं. मला मात्र माझी चूकच लिहावी लागणार.

नववीतली वैशाली एकदा माझ्याकडे आली. तिच्या नावाचं खोटं खातं काढून कुणीतरी गलिच्छ मजकूर टाकत होतं, आणि वर्ग तो एकमेकांना पाठवून हसत होता. मी फार शहाणा! लगेच तिच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी तिचा फोन फरशीवर आपटला, पोरीची शाळा बंद केली. आठवड्यात लग्नाची बोलणी सुरू झाली.

अक्कांनी मला चारचौघांत एक शब्द सुनावला नाही. एकांतात म्हणाल्या, "सर, बापाला बोलावण्याआधी तिला विचारलं होतंत?" मग मला घेऊन त्या तिच्या घरी गेल्या.

"अक्का, गावमा तोंड दखाडाले जागा नही," वडील म्हणाले.

"आबा, पोरनी काय चूक शे? करनारा दुसराच शे."

तीनदा आम्ही तसेच परतलो. चौथ्यांदा अक्कांच्या हाती त्या खोट्या खात्याचे स्क्रीनशॉट होते. वैशालीच्या मैत्रिणीने सुपासमोर बसून ते दिले होते. तेव्हा वडील सायबर पोलिसांत तक्रार द्यायला जळगावला आले. करणारा निघाला माझाच लाडका विद्यार्थी. अक्कांनी त्यालाही सुपासमोर बसवलं. ते मला अजून पचलेलं नाही.

लग्न थांबलं. वैशाली मात्र शाळेत परतली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली. अक्कांना ती फोन करते. माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

काल आठवीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली. अक्का आता निवृत्त आहेत. मी सूप काढलं. डाळीतले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "सर, घरी सांगणार नाही ना?"

"तुला विचारल्याशिवाय नाही. पण तुला एकटीलाही सोडणार नाही. अक्कांकडे जाऊ या?"

तिने मान डोलावली.

अक्का, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे. उद्या सकाळी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो आहोत.