मेश्रामताई आणि काचेचा कीबोर्ड

किडनीच्या रिपोर्टमध्ये 'नो स्टोन'च्या जागी 'नाऊ स्टोन' छापून आलं, तेव्हा डॉक्टरांनी मला थेट सोनोग्राफीच्या खोलीत बोलावलं. सही करण्याआधी त्यांच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर नसलेला खडा पेशंटच्या माथी बसला असता.

शंकर नगरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी आयटी सपोर्टला आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, नेट, जे बंद पडेल ते सुरू करायचं. डॉक्टर तपासताना बोलतात, ते रेकॉर्ड होतं आणि टायपिस्ट हेडफोन लावून रिपोर्ट टाइप करतात. हा रिपोर्ट मेश्रामताईंचा होता. सेंटर उघडल्यापासून त्या बीरगांवहून बसने येत. त्यांचं टायपिंग कोणी तपासत नसे, गरजच पडली नव्हती.

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी टायपिंगचे कॉम्प्युटर काढून टॅबलेट आणले होते. टेबलांची जागा नव्या मशीनसाठी हवी होती. फोनवर तर सगळे दिवसभर टाइप करतातच, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगून पाहिलं. फोनवर आपण दोन अंगठ्यांनी, बघत बघत दोन ओळी लिहितो. कॉम्प्युटरवर दहा बोटं चालतात. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बोटांना जागा कळते, बघावं लागत नाही. टॅबलेटची काच सपाट. बोटं सरकतात आणि भलतंच उमटतं. वर ऑटोकरेक्ट, म्हणजे चुकलेला शब्द आपणहून बदलणारी सोय. स्पेलिंग बरोबर येतं, शब्द चुकीचा.

"आदत हो जाएगी," साहेब म्हणाले.

बाकी दोघी टायपिस्टना सवय झाली, स्क्रीनकडे बघून, हळूहळू. ताईंना होईना. मी ऑटोकरेक्ट बंद केलं आणि कुठे चुकतं ते वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी स्क्रीन नाकापर्यंत आणली, मग खाली ठेवली. उठून दार लोटून घेतलं.

"नितीनभाऊ, मले मधातलं दिसतच नाही. बाजूबाजूचं दिसते. डोळ्याचे डॉक्टर म्हणते, आता सुधरत नाही."

"मग इतके दिवस टाइप कसं करून राहिल्या होत्या?"

"ऐकून. बोटाईले माहीत होतं." मग म्हणाल्या, "कोणाले सांगू नका. पोट्टीचं नर्सिंग व्हायचं आहे अजून."

स्टोअरमधला एक वायरलेस कीबोर्ड मी त्यांच्या टॅबलेटला जोडून दिला. त्यांचा स्पीड परत आला, चुका थांबल्या. पण मग बाकी दोघींनीही कीबोर्ड मागितला आणि साहेब विचारायला आले, यांनाच का दिला? मनगट दुखतं असं काहीतरी मी सांगणार होतो. ताईंनी हेडफोन काढला.

"सर, मुझे अब ठीक से दिखता नहीं।"

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी ताईंना चहा मागवला, पोरीची चौकशी केली. मग म्हणाले, पेशंटचा मामला आहे, रिस्क घेता येत नाही. चूक टॅबलेटवर झाली, आधी कधी झाली नव्हती, हे मी त्यांना बाहेर नेऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पहले पता होता तो रखते ही नहीं, नितीन जी।"

दार उघडंच होतं आणि ताईंनी हेडफोन परत लावला नव्हता.

महिनाअखेरीस ताई गेल्या. शेवटच्या दिवशी मी स्टॉपपर्यंत सोबत गेलो. बस आली की त्या विचारत, "हे बीरगांवची आहे काय?" इतकी वर्षं कोणाला विचारत होत्या, मी विचारलं नाही.

पुढे डॉक्टर रिपोर्टच्या उशिराला कंटाळले आणि कॉम्प्युटर परत आले. ताईंच्या जागी नवी मुलगी बसते. टॅबलेट रिसेप्शनला आहेत, पेशंटच्या सह्या घ्यायला. त्या कामाला ते चांगले आहेत.

नवी वस्तू घेण्याआधी, जो वापरणार त्याला ती एक दिवस वापरायला द्यावी, असा मेल मी साहेबांना केला. 'नोटेड' असं उत्तर आलं.