वजनदार डबा

वजनावरून वस्तूची पारख करणं ही फार जुनी आणि भारदस्त परंपरा आहे. सोनं, धान्य, रद्दी, सगळं तिच्यात येतं. मी तिचा आधार घेतला तो जेसल पार्कच्या एका किराणा दुकानात, एसएमपीएस विकत घेताना.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या कॉम्प्युटरचा डबा एका दुपारी जळका वास सोडून बंद पडला. एरवी काही बिघडलं नसतं. एकट्या माणसाचं कॉम्प्युटरवाचून काही अडत नाही. पण त्याच्या हार्ड डिस्कवर माझ्या बायकोच्या पाककृतींची फाइल होती. आजारपणात ती पलंगावरून सांगायची आणि मी टाइप करायचो. फ्लॉपीवर एक कॉपी काढली होती, तिला बुरशी लागली. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती. कधीही उघडता येईल, एवढं पुरत होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक स्वस्त, दुसरा त्याहून थोडा कमी स्वस्त.

“अंकल, हाथ में लेके देखो. वजन है तो माल है. हलका डबा पहले हार्ड डिस्क को खाता है.”

हार्ड डिस्कचं नाव काढल्यावर मला हाताचा भरवसा वाटेना. दोन्ही डबे घेऊन मी शेजारच्या किराणावाल्याकडे गेलो. तो रत्नागिरीकडचा, ओळखीचा. त्याने ते तराजूत ठेवले.

“काका, किती शिट्ट्या करायच्या याला?”

“तू वजन सांग.”

“डावा भारी. पण शिजेल याची गॅरंटी नाय हां.”

डावा घेतला. घरी आल्यावर त्याच्या थोरवीचं कारण बघावं म्हणून स्क्रू काढले. त्यात वॉरंटीचं स्टिकर फाटलं. आत एका बाजूला लोखंडाची जाड पट्टी होती. तिला एकही वायर जोडलेली नव्हती. दोन स्क्रूंनी मात्र ती पक्की बसवली होती. कारागिरीत खोट काढायला जागा नव्हती.

मी डबा परत नेला. दुकानदाराने पट्टीकडे नाही, स्टिकरकडे पाहिलं.

“सील तोड दिया ना, अंकल? अब ये आपका है.”

“आणि ही पट्टी?”

“वो भी आपकी.”

हा डबा हार्ड डिस्कला जोडायची छाती होईना. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याने उपाय सांगितला. त्याने स्कूटरचा बारा व्होल्टचा बल्ब डब्याच्या पिवळ्या आणि काळ्या वायरला जोडून दिला. “संध्याकाळी पंप चालू होतो तेव्हा बघा,” तो म्हणाला. “बल्बचा उजेड हलला, तर डबा फेकून द्या.”

आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप सहाला सुरू व्हायचा आणि घरोघरचे दिवे मान टाकायचे. तीन संध्याकाळी मी खुर्ची घेऊन त्या बल्बसमोर बसलो. ट्यूबलाइट फडफडायची, पंखा मंद व्हायचा, बल्ब मात्र तसाच. घरात कोणाकडे तरी लक्ष ठेवून बसण्याची सवय सुटली होती. तिसऱ्या दिवशी तर मी चहा घेऊन बसलो आणि पंप बंद झाल्यावरही उठलो नाही.

चौथ्या दिवशी पट्टी काढून टाकली आणि हार्ड डिस्क जोडली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. फाइल दिसली. दिसली म्हणून या वेळी उघडली. अकरा पाककृती होत्या, सगळ्या शाबूत. पहिली कुळथाच्या पिठल्याची. साहित्य, कृती, फोडणी, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या ओळीत माझ्याच हातचं टाइप केलेलं होतं: मीठ किती, ते हिला विचारून लिहिणे.